ससाण्यादेखत निघून जाणे

मास्तरांनी आयुष्यात एकही फोटो काढलेला नाही, आणि शिकारी पक्ष्यांच्या छायाचित्रणावरच्या या मजकुरात दखल घेण्याजोगा माणूस तेवढा एकच आहे. बाकीचे सगळे छायाचित्रकार होते.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. दुकान गल्लीत, चपला दुरुस्त करणारा आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध चेपलेलं. दोन मशिनं, एक कापायचं टेबल, एक उभा आरसा आणि कोपऱ्यात एक पडदा, ज्याच्या आड कपडे बदलणाऱ्याचं कोपर नेहमी बाहेरच राहतं. नवीन कपडे शिवायला आता कुणी येत नाही. तयार कपडे ज्या काल्पनिक माणसाच्या मापानं शिवतात, तो माणूस आमच्या भागात राहत नसल्यामुळे लोक विकत घेतलेली पँट घेऊन मास्तरांकडे येतात आणि मास्तर ती आखूड करतात, कंबर सोडतात, चेन बदलतात. आतल्या खोलीत त्यांची बायको काजं-बटणं करते आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात नवऱ्याशी बोलते.

चाळीस वर्षं पायमशीन चालवून मास्तरांचा उजवा खांदा खाली आला आहे आणि उजवा पाय बाहेर वळला आहे. गुडघाभर पाण्यातून वाट काढावी तसे ते चालतात. अर्ध्या मैलावरून ओळखू येतात. त्यांची दुसरी खूण म्हणजे तोंडातल्या टाचण्या. माप घेताना आठ-दहा टाचण्या ओठांत धरायच्या आणि समोरच्याला ‘हं’ किंवा ‘ऊंहूं’ एवढंच उत्तर द्यायचं, ही त्यांची रीत. त्यामुळे लोक त्यांना घरातलं सगळं सांगतात, आणि ते बाहेर कधीच जात नाही. त्यांच्या तोंडून काही निसटलं ते एकदाच, आणि त्या वेळी टाचण्या तोंडात नव्हत्या.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मास्तर सायकलवर डबा लावून गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत जायचे. याला निसर्गप्रेम कारणीभूत नव्हतं. त्या दिवशी मेहुणी घरी यायची, आणि मेहुणीच्या बोलण्याला टाचण्यांचा उपाय नव्हता. खाणीत शांतता होती. खडी फोडायचं यंत्र केव्हाच उचलून नेलेलं, त्याची पत्र्याची शेड तेवढी उरलेली. वर तीन बाजूंनी तासलेला करडा कडा. त्या कड्याच्या कपारीत बहिरी ससाण्याची एक जोडी दर वर्षी अंडी घालायची. काड्यांचं घरटं नाही, काही नाही. उघड्या दगडावर चार खडे बाजूला सारले की झालं. मास्तर चार वर्षं शेडच्या सावलीत बसून डबा खात तिच्याकडे बघत होते. दुर्बीण नव्हती. शिलाईचा डोळा होता. ऊन कपारीवर किती वाजता येतं, नर शिकार कुठून आणतो, मादी पिल्लांवर पंख उघडून सावली कशी धरते, हे सगळं त्यांना पाठ झालं होतं. बायको संध्याकाळी विचारायची, ‘‘काय म्हणत होती तुमची ती?’’ मास्तर म्हणायचे, बरी आहे.

आता डॉक्टर.

हे दाढांचे डॉक्टर. लोकांच्या तोंडात हात घालून त्यांना बोलता येऊ नये अशी व्यवस्था करायची आणि मग स्वतः बोलत राहायचं, असा त्यांचा व्यवसाय. त्याच अनुभवाच्या जोरावर ते वन्यजीव छायाचित्रण मंडळाचे अध्यक्ष झाले होते. मंडळाच्या कार्यकारिणीत सहा जण. सहाही जणांकडे सतरा खिशांची जाकिटं, त्यांवर दाट जंगलाच्या पानांचा हिरवा छाप. आमच्याकडे चहूबाजूंनी उघडा माळ आणि करडा दगड आहे. या जाकिटात माणूस दडतो अशी एक जागाही पंचक्रोशीत नाही. उलट हे सहा जण उन्हात उभे राहिले की कुणीतरी आत्ताच झुडपं लावून गेल्यासारखं वाटतं. दर सभेत ते निसर्ग वाचवायची शपथ घेत आणि मग कुणाची लेन्स किती लांब आहे यावर बोलत. ज्याची सगळ्यात लांब, तो सगळ्यात संवेदनशील, असा अलिखित नियम होता.

तर डॉक्टरांचं जाकीट पोटावर मिटेना म्हणून ते मास्तरांकडे आले. आरशासमोर हात पसरून उभं असताना त्यांनी खंत व्यक्त केली की या भागात शिकारी पक्षी उरलाच नाही. लोकांना काही पडलेलीच नाही. त्यामुळे आपल्यासारख्याला विमानानं दूर दूर जावं लागतं. मास्तर तेव्हा टाचण्या मनगटावरच्या गादीत खोचत होते. तोंड मोकळं होतं. ते म्हणाले, ‘‘खाणीत आहे की एक जोडी.’’

पुढचा सगळा प्रकार या पाच शब्दांचा. मास्तरांना ते त्याच क्षणी कळलं असावं, कारण उसवलेलं लगेच टाचून घ्यायची त्यांना सवय आहे. पण हे टाचून घेण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांचे हात अजून पसरलेलेच होते आणि चेहऱ्यावर दुर्मीळ किडलेली दाढ दिसल्यासारखा आनंद होता. बायको आतून म्हणाली, ‘‘झालं.’’

मास्तरांनी त्या दिवशी एकच ठरवलं. जोडी दाखवली ती आपण. आता पिल्लं उडून जाईपर्यंत ती सांभाळायची तीही आपणच. म्हणून ज्या कामाची त्यांना काडीची हौस नव्हती, ते त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं.

योगायोगानं डॉक्टरांनाही मास्तर हवेच होते. त्या वर्षी मोठ्या स्पर्धेत एक नवा विभाग निघाला होता: घरट्यावरचा शिकारी पक्षी, व्यत्यय न आणता. फोटोबरोबर एक प्रतिज्ञापत्र जोडायचं आणि त्यावर सोबतच्या साक्षीदाराची सही हवी. शिवाय लपण हवं. लपण म्हणजे आत एक माणूस बसेल एवढा छोटा तंबू, ज्याच्या भोकातून लेन्स बाहेर काढायची. मापं मिळावीत म्हणून डॉक्टरांनी मास्तरांना आपल्या कपाटातलं एक जुनं पातळ पुस्तक दिलं. डॉक्टरांनी त्यातली चित्रं पाहिली होती. मास्तरांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. माप अर्धवट वाचून कापड कापायचं नसतं.

त्यात जे होतं ते फार नव्हतं. अंडी असताना जवळपास फिरकायचं नाही. पिल्लं निघाल्यावरच लपण उभं करायचं, तेही लांब, आणि रोज थोडं थोडं पुढं सरकवायचं. पक्षी बिचकला की मागं घ्यायचं. लेन्सच्या भोकात आधीपासून बाटलीचं बूड बसवून ठेवायचं, म्हणजे काचेच्या डोळ्याची सवय होते. आणि मुख्य गोष्ट: लपणापाशी दोघांनी जायचं. एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं पक्ष्याच्या देखत निघून जायचं, अगदी दिसेनासं होईपर्यंत. पक्ष्याला मोजता येत नाही. माणूस आला, माणूस गेला, एवढंच त्याला दिसतं, आणि तो निर्धास्त परत येतो. संपल्यावर तसंच. बाहेरच्यानं यायचं, त्याला पाहून पक्षी उडाला की आतल्यानं निघायचं आणि दोघांनी मिळून जायचं. तोवर काही झालं तरी आतल्यानं बाहेर यायचं नाही. तंबूतून माणूस निघतो हे पक्ष्याला एकदा कळलं की त्या तंबूवर त्याचा कधीच विश्वास बसत नाही.

एवढ्यातलं ‘पक्ष्याला मोजता येत नाही’ एवढंच डॉक्टरांना आवडलं. ते वाक्य त्यांनी दोन सभांत आणि एका लग्नाच्या स्वागतसमारंभात सांगितलं, आणि दर वेळी स्वतःला बऱ्यापैकी मोजता येत असल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

लपण मास्तरांनी ट्रकच्या जुन्या ताडपत्रीतून शिवलं. घासून, उन्हात टाकून, उलट्या बाजूनं, म्हणजे दगडाचाच रंग आला. चिकटपट्टी नाही, कारण ती उघडताना फर्रकन वाजते, चेन नाही, लाकडी बटणं. खालच्या काठाला वाळूचे खिसे, म्हणजे वाऱ्यानं फडफड नको. बसायची उंची डॉक्टरांच्या मापाची होती, ते माप वहीत होतंच. दोन सुया मोडल्या. बायको म्हणाली की घरचे पडदे चार वर्षं उसवलेले आहेत, पण ते बहुधा शिकारी पक्ष्यांचे नसावेत.

पिल्लं निघाली. दोन. मास्तर बारा दिवस रोज सकाळी दुकान उघडण्याआधी सायकलनं जायचे, लपण दहा पावलं पुढं सरकवायचे आणि निघून यायचे. मागं वळून बघायचे नाहीत. वळून बघणारा माणूस गेलेला नसतो, हे पुस्तकात नव्हतं, त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. शेडमागं पोचल्यावर पत्र्याच्या भोकातून मात्र बघायचे. मादी कपारीत उतरलेली दिसली की पायडल मारायचे. एकदा ती उतरली नाही, तर लपण वीस पावलं मागं गेलं. मंडळात यावर नाराजी व्यक्त झाली. लपण सरकारी फायलीसारखं चाललंय, असं डॉक्टरांचा मेहुणा म्हणाला. हा मेहुणा मंडळाचा चिटणीस होता. भाऊजींची बॅग उचलणं हा त्याचा निसर्गाशी मुख्य संबंध.

तेराव्या दिवशी फोटो काढायचा ठरला. मास्तरांनी दुकान बंद ठेवलं आणि एका गिऱ्हाइकाची पँट सोबत घेतली, शेडमागं बसून दुमड घालायला. साडेआठला कार्यकारिणी पोचली, सहाच्या सहा, हिरवीगार. सगळ्यांनाच लपणात बसायचं होतं. मास्तरांनी सांगितलं की बैठक एका माणसाची शिवली आहे. मेहुण्यानं विचारलं, पक्ष्याला मोजता येत नाही ना, मग तिघं बसले तर काय बिघडतं? मास्तरांनी पाच जणांना शेडमागं बसवलं आणि डॉक्टरांना घेऊन वर गेले. लपणात बसवून बाहेरून बटणं लावली. साडेबाराला मी येईन, म्हणाले. तोवर बाहेर यायचं नाही. डॉक्टर म्हणाले, ‘‘मास्तर, मला शिकवू नका.’’

मग मास्तर निघाले. हे त्यांचं खरं काम, आणि ते बघण्यासारखं होतं. खांदा पाडून, पाय टाकत, न थांबता, न वळता ते खाणीचा सगळा उतार उतरले. वर घिरट्या घालणारी मादी त्यांच्यावर नजर ठेवून होती. ते शेडमागं दिसेनासे व्हायच्या आत ती कपारीत उतरली होती. निघून जाण्यात इतकी सफाई दुसऱ्या कुणात सापडायची नाही. आमच्याकडे लोक निरोप घेऊन दारात अर्धा तास उभे राहतात.

डॉक्टरांनी दीड तासात चौदाशे फोटो काढले. त्यांतला एक त्यांना स्वतःलाच इतका आवडला की तो एकट्यानं बघणं त्यांना जड गेलं. लपणात कौतुक करायला कुणी नव्हतं. दाढांच्या डॉक्टरला चार तास कुणाशी न बोलता बसायला लावणं हाच मुळात अघोरी प्रयोग होता, हे मान्य करायला हवं. बटणं बाहेरून लावलेली, म्हणून ते काठ उचलून खालून निघाले, गुडघ्यांवर, कॅमेरा डोक्याच्या वर धरून, आणि ओरडले की आला, फोटो आला.

मादी कपारीतून सुटली आणि किंचाळत वर गेली.

शेडमागचे पाच जण धावत वर चढले. सहा जण गोलाकार उभे राहून छोट्या पडद्यात डोकी घालून ससाणा बघू लागले. खरा ससाणा त्यांच्या डोक्यावर ओरडत फिरत होता, तो कुणी पाहिला नाही. मेहुण्यानं फोटो मोठा करून दाखवला. कुणीतरी कुणाच्या तरी खांद्यावर थाप मारली.

मास्तर पँट तिथंच टाकून वर आले तेव्हा पावणेअकरा झाले होते. अकराला कपारीतली सावली संपते. चार वर्षं त्यांनी ती संपताना पाहिली होती. मग मादी पंख उघडून उभी राहते आणि पिल्लं तिच्या सावलीत बसतात. आता कपारीत दोन पांढरे गोळे होते आणि उन्हाची कड त्यांच्यापासून हातभर लांब होती.

डॉक्टर म्हणाले, ‘‘मास्तर, बघा तरी. तिच्या डोळ्यात ढगसुद्धा आलाय.’’

‘‘खाली चला.’’

‘‘दोन मिनिटं. येते ती परत. पक्ष्याला मोजता येत नाही.’’

‘‘बघता येतं,’’ मास्तर म्हणाले. ‘‘तंबूतून माणूस निघताना पाहिलाय तिनं. आता आत कुणी नाही हे तिला कोण सांगणार?’’

मंडळाची डोकी पुन्हा छोट्या पडद्याकडे वळली. मास्तरांनी खिशातून कात्री काढली. पहिली दोरी, दुसरी दोरी, मग उभी शिवण, वरपासून खालपर्यंत. लपण बसलं.

मेहुणा म्हणाला, ‘‘अहो, तुमच्याच हातचं आहे ते.’’

‘‘म्हणून कुठं कापायचं ते माहीत आहे.’’

वाळूचे खिसे झटकून ताडपत्रीची गुंडाळी त्यांनी खांद्यावर टाकली. डॉक्टरांना आठवलं की बॅग राहिली आहे, तिकडे कड्याच्या बाजूला. तेवढी घेऊन येतो. मास्तर वाटेत उभे राहिले.

‘‘डॉक्टर, आता फक्त जायचं राहिलंय. एका ओळीत चला, थांबू नका, वर बघू नका. मी शेवटी येतो. तिला माझी पाठ ओळखू येते.’’

गेले सगळे. सतरा खिशांची सहा झुडपं एकामागून एक उतार उतरली, शाळेतल्या मुलांसारखी मुकाट, आणि सगळ्यात मागं गुडघाभर पाण्यातून चालणारा शिंपी, खांद्यावर कापलेला तंबू घेऊन. शेडमागं पोचल्यावर कार्यकारिणीला भूक लागल्याचं लक्षात आलं आणि ती गाड्यांत बसून जेवायला गेली. मास्तर पत्र्याच्या भोकाला डोळा लावून राहिले. अकरा वाजले. ऊन कपारीत शिरलं. मादी समोरच्या कड्यावर बसून लपण होतं त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. ती उतरली तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं कमी होती.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी कपारीत एकच पिल्लू होतं.

मंडळाच्या मते तो निसर्गाचा नियम होता; असं होतच असतं. मंडळाचा निसर्गाच्या नियमांवर गाढ विश्वास होता, कारण त्यांचं पालन निसर्गालाच करावं लागतं. मास्तरांनी वाद घातला नाही. दुसरं पिल्लू उन्हानं गेलं की आणखी कशानं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांना पाच शब्द आठवत होते एवढंच.

आठवड्यानं डॉक्टर प्रतिज्ञापत्र घेऊन दुकानात आले. फोटो मोठा करून आणला होता: कपार, पंख अर्धे उघडलेली मादी, पुढं दोन पांढरी पिल्लं. डॉक्टरांनी सहीची जागा बोटानं दाखवली. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून गादीत खोचल्या आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. एक गिऱ्हाईक पडद्याआड अर्ध्या पँटीत ताटकळत होतं. डॉक्टर म्हणाले, वाचायचं काय त्यात, औपचारिकता आहे.

कागदावर साक्षीदारानं भरायच्या तीन जागा होत्या. पिल्लांची संख्या, छायाचित्राच्या दिवशी. पिल्लांची संख्या, सात दिवसांनंतर. शेरा.

आतून बायको म्हणाली, ‘‘लिहून टाका दोन आणि दोन. कोण मोजायला जातंय?’’ हे तिनं कोणत्या सुरात म्हटलं ते नीटसं कळलं नाही. ती काज करत होती.

मास्तर म्हणाले, ‘‘मी गेलो होतो.’’

वहीत छाती-कंबर लिहितात त्या अक्षरात त्यांनी लिहिलं: २. त्याखाली: १. शेऱ्यात: फोटोग्राफर वेळेआधी बाहेर आला. मग सही केली, तारीख घातली आणि कागद उलटा न करता, सरळ, डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टरांनी सही आहे ना एवढं पाहिलं आणि कागद पाकिटात घातला.

फोटोला पहिलं बक्षीस मिळालं.

प्रशस्तिपत्रात संयमाचा आदर्श असं म्हटलं आहे. पक्षी आणि माणूस यांच्यातल्या विश्वासाचा दुर्मीळ क्षण, असंही. मादी लेन्सकडे थेट बघते आहे, मान ताठ, पंख अर्धे सुटलेले. ज्यानं एकदाही पक्ष्याला उडताना पाहिलं आहे त्याला कळावं की ती निघण्याच्या बेतात आहे. परीक्षक पाच होते. पाचांनाही तो विश्वास वाटला. प्रतिज्ञापत्र जोडलेलं आहे याची खात्री त्यांनी केली असणार. त्यांनी ते वाचलं नाही, इतकंच. आणि २ व १ हे आकडे काही बारीक अक्षरात लिहिलेले नाहीत.

फोटो डॉक्टरांच्या दवाखान्यात लावला आहे, बाकांच्या समोर, आणि शेजारी तितक्याच सुंदर चौकटीत स्पर्धेकडून परत आलेलं प्रतिज्ञापत्र, मास्तरांच्या अक्षरासकट. मी सुजलेला गाल धरून त्यांच्यासमोर पाऊण तास बसलो होतो. माझ्या शेजारी सात-आठ माणसं होती. भिंतीवर चित्रात दोन पिल्लं, कागदावर दोन, मग एक, मग कारण. रोज एवढी माणसं तिकडे तोंड करून बसतात. दाढ दुखत असताना माणसाला मोजता येत नाही, असं आपण धरून चालू.

राहिलेलं पिल्लू उडालं. मास्तरांनी ते बायकोला सांगितलं, आणि ती म्हणाली बरं झालं.

पुढच्या वर्षी जोडी खाणीत आली नाही. मंडळानं सहा जाकिटांनिशी तीनदा शोध घेतला आणि लोकांच्या उदासीनतेबद्दल ठराव केला. सुट्टीच्या दिवशी मास्तर आता खाणीकडे जात नाहीत; डबा लावून सायकल दुसऱ्याच बाजूला जाते. मेहुणी येतेच.

परवा डॉक्टर जाकीट घेऊन आले. बक्षिसानंतर ते पुन्हा पोटावर मिटेनासं झालं आहे. आरशासमोर हात पसरून त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की मास्तर, ती जोडी कुठं गेली, तुमच्या काही पाहण्यात?

‘‘ऊंहूं,’’ मास्तर म्हणाले.

कंबर सोडायला दोन टाचण्या लागतात. मास्तरांच्या तोंडात दहा होत्या.